दोरीच्या या टोकाला

श्वान प्रदर्शनात लहान हँडलरांचा एक गट असतो. त्या गटात कुत्र्याला गुण नसतात. कुत्रं कुठल्या जातीचं, कितीला घेतलं, त्याच्या आईबापानं किती ढाली जिंकल्या, याची तिथं कुणी चौकशी करत नाही. परीक्षक बघतात ते पट्टा धरलेल्या मुलाला. हात कसा आहे, पाऊल कसं पडतंय, जनावराच्या मनात काय चाललंय ते या पोराला कळतंय का. आणि एवढं बघूनही बक्षीस सहसा त्याला मिळतं, ज्याच्याकडे बघता बघता परीक्षकाची नजर कुत्र्यावरच खिळून राहते. मुलानं रिंगमध्ये असायचं, पण पुढे पुढे करायचं नाही. शाळेतली माझी बरीच वर्षं या गटात गेली. मी जी कुणी झाले आहे, त्यातला मोठा वाटा त्या दोरीनं आखलेल्या चौकोनाचा आहे.

आमचं गाव वेळापूर. माळशिरस आणि पंढरपूरच्या मधलं. एका अंगाला कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, दुसऱ्या अंगाला सांगोल्याकडे सरकत गेलेलं कोरडं माळरान. कारवानी कुत्रं त्या माळाचं. लांब निमुळतं तोंड, आत ओढलेलं पोट, उंच सडपातळ पाय. पाहुणे आले की हटकून विचारायचे, "याला खायला घालत नाही का?" आमचे आबा शांतपणे सांगायचे, "कारवानीच्या अंगावर मांस चढलं, की समजायचं धन्यानं त्याला बांधून ठेवलंय."

हे कुत्रं नाकानं शिकार करत नाही, डोळ्यानं करतं. लांबवर काही हललं की त्याची मान आधी स्थिर होते आणि मग सगळं अंग सुटतं. याच गोतातल्या कुत्र्यांना मुधोळच्या घोरपडे राजांनी आपल्या संस्थानात जपलं, म्हणून पलीकडे कर्नाटकात त्यांना मुधोळ हाउंड म्हणतात. 2005 साली टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. ते तिकीट आमच्या घरात देवळीत जपून ठेवलेलं होतं. पण मानाबरोबर एक अडचणही आली होती. ज्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या हे कुत्रं घडलं, ती सशाची शिकार वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद झाली. ते योग्यच झालं. ससाही याच माळाचा. पण धावण्यासाठी जन्मलेल्या जनावराला काम उरलं नाही. यात्रांमधून खिलार जनावरांच्या शेजारी श्वान प्रदर्शनं भरू लागली, तेव्हा आबांसारख्या माणसांना वाटलं, चला, निदान चार लोकांनी याला उभं राहिलेलं तरी बघावं.

आबांचे गुडघे थकले तेव्हा हरणीचा पट्टा माझ्या हातात आला.

हरणी मातकट रंगाची, कपाळावर पांढरी रेघ असलेली मादी. तिला उभं करायला मी परसातल्या कडुनिंबाखाली शिकले. पुढचे पाय खांद्याच्या बरोबर खाली, सरळ. मागचे पाय जरा मागे, घोट्यापासून पंजापर्यंतचा भाग जमिनीशी काटकोनात. पाय हलवायचा झाला तर पंजा धरायचा नाही. पुढचा पाय कोपरापाशी धरून अलगद उचलायचा, हवा तिथं टेकवायचा. शोचा पट्टा बारीक असतो, तो मानेच्या पार वरती, कानांच्या मागे बसवायचा. कुत्र्याचं लक्ष राहावं म्हणून बाकीची मुलं खिशात उकडलेली कलेजी ठेवत. आमची आजी माळकरी, घरात कलेजी येणं शक्य नव्हतं. हरणी ज्वारीच्या वाळक्या भाकरीच्या तुकड्यावर कान टवकारायला शिकली, आणि तेवढ्यावर ती पुण्याच्या रिंगमध्येही उभी राहिली.

खरी परीक्षा मात्र स्पर्शाची होती. कारवानीला परक्याचा हात खपत नाही. ते अंगावर जात नाही. अंग चोरतं, मागे सरतं, मान वळवून लांब कुठंतरी बघत राहतं. आणि प्रदर्शनात तर परीक्षक जवळ येतो, ओठ उचलून दात बघतो, खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून मांडीवर हात फिरवतो. त्या वेळी पट्टा आवळला की कुत्र्याला वाटतं, काहीतरी धोका आहे. सैल सोडला की ते निघून जातं. या दोन्हींच्या मधला ताण बोटांनीच शोधावा लागतो. त्यात आपला श्वास अडकला तरी तो दोरीतून खाली पोहोचतो.

हरणीला परका हात सोसायला शिकवला तो वारकऱ्यांनी. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून निघते, खुडूसला गोल रिंगण होतं, आणि वेळापूरच्या अलीकडे सगळे वारकरी उतारावरून धावत सुटतात. तुकोबांना इथून विठ्ठलाच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावले, अशी श्रद्धा आहे. त्या रात्री गावात पाऊल ठेवायला जागा नसते. आमच्या ओसरीत दरसाल एक दिंडी उतरते. चूल पेटते, पायांना तेल लागतं, टाळांच्या पिशव्या खुंटीला जातात. हरणीला घेऊन मी उंबऱ्यापाशी बसायचे. एकेक म्हातारी यायची, "काय माउली, बरी आहेस का?" असं कुत्रीलाच विचारायची आणि खरबरीत तळवा तिच्या पाठीवरून फिरवायची. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या त्या बाया. कुत्र्याला माउली म्हणताना त्यांची जीभ अडखळत नव्हती. हरणी आधी थरथरायची. मग तिच्या मानेची शीर सैल पडलेली माझ्या बोटांना कळायची. पुढे प्रदर्शनात परीक्षकाचा हात आला की मी मनात त्या ओसरीत जाऊन बसायचे, आणि हरणी उभी राहायची.

रिंगमधला पहिला नियम असा, की परीक्षक आणि कुत्रं यांच्या मध्ये आपण कधी यायचं नाही. परीक्षक डावीकडे गेला की आपण पलीकडे. तो फिरला की पट्ट्याचा हात बदलायचा. त्रिकोणात पळवून दाखवताना आपली चाल तिच्या चालीला जुळवायची, कोपऱ्यावर वळताना तिचं पाऊल मोडू द्यायचं नाही. 1932 साली अमेरिकेत वेस्टबरी केनल असोसिएशनच्या प्रदर्शनात मुलांचा असा गट पहिल्यांदा ठेवला गेला. लिओनार्ड ब्रम्बी या पेशानं हँडलर असलेल्या माणसाची ती खटपट. तिथून हा गट देशोदेशी गेला, आपल्याकडच्या केनल क्लबांच्या प्रदर्शनांतही आला. मोठ्यांच्या रिंगमध्ये चढाओढ जनावरांची असते, आणि जनावर पैशानं घेता येतं. समज विकत मिळत नाही. म्हणून तर ऊसतोडीच्या रस्त्यावरून आलेली मुलगी आणि बंगल्यातून आलेला मुलगा या गटात एका रेषेत उभे राहू शकतात.

एकदा एका परीक्षकबाईंनी शेवटच्या फेरीत उरलेल्या आम्हा मुलांना कुत्री बदलायला सांगितली. हरणीचा पट्टा एका शहरी मुलाच्या हाती गेला, माझ्याकडे त्याचा लॅब्रडॉर आला. लॅब्रडॉर लगेच माझा झाला; तो जगाचाच असतो. माझं लक्ष हरणीकडे. तो मुलगा तिच्या समोरून गेला नाही. बाजूनं आला, तिच्याकडे थेट न बघता उभा राहिला, हात वरून न आणता हनुवटीच्या खालून पुढे केला आणि थांबला. नुसता थांबला. बाकीची मुलं आपापल्या नव्या कुत्र्यांना उभं करायच्या घाईत होती. हरणीनं त्याची बोटं हुंगली, मान वळवली, पुन्हा हुंगली. मग त्यानं तिला चालवलं आणि ती चालली, माझ्याबरोबर चालते तशीच, मान उंच ठेवून. कारवानी त्यानं त्या दिवसापर्यंत हाताळलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. पहिला तोच आला. मला वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या जनावराला जगात आणखी एकानं ओळखलं, याचा आनंद त्याहून मोठा होता. तो आनंद आजही तेवढाच ताजा आहे.

वारीतल्या रिंगणात माउलींचा अश्व धावतो तेव्हा त्याच्या पाठीवर माणूस नसतो. पुढच्या घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, माउलींचा घोडा मात्र मोकळा. अंकलीच्या शितोळे सरकारांचे हे अश्व आळंदीपर्यंत चालत येतात. वर्षभर त्यांना दाणा घालणारे, खरारा करणारे, रस्त्याला सवयीचे करणारे हात त्या क्षणी कडेला उभे असतात. लाखो लोक घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात आणि ते हात कुणाच्या ध्यानात नसतात. तरी ते रिंगण त्या हातांवर उभं असतं. रिंगमध्ये उभं राहिल्यापासून मला घोड्याच्या बरोबरीनं ते हात दिसू लागले.

मग ते सगळीकडे दिसले. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात खिलार खोंडाचा कासरा धरून उभी असलेली दहा-बारा वर्षांची पोरं. गिऱ्हाइकानं खोंडाच्या शेपटीला हात घातला की वेसणीजवळचा हात ती आपोआप वर नेतात. मेंढरांमागे माळ तुडवणारी धनगरांची मुलं. कळपातली कुठली मेंढी आज मागे राहते, हे त्यांना चालण्यावरून कळतं. अकलूजच्या घोडेबाजारात घोड्याच्या कानांवरून त्याचा राग ओळखणारी मुलं. यांच्यापाशी जे आहे, त्याला आपल्याकडे शिक्षण म्हणत नाहीत. उलट, पोरगं जनावरांमागे लागलं म्हणजे वाया गेलं, असं म्हणतात. शाळा चुकवून कुणी गुरं राखावी असं मला मुळीच म्हणायचं नाही. मीही पुस्तकांच्या जोरावरच कॉलेजात आले. पण मुक्या जिवाकडे लक्ष देणं, आपली घाई बाजूला ठेवून त्याला काय हवं ते ओळखणं, ही विद्या आहे. ती लहानपणीच बोटांत उतरते, आणि पुढे माणसांच्या जगात पदोपदी उपयोगी पडते. आजारी आजीला उठवून बसवताना माझ्या हातांनी जे केलं, ते त्यांना हरणीनं शिकवलं होतं.

म्हणून मला एक मागणं मागायचं आहे. आमच्या भागात यात्रा-जत्रांतून जनावरांची प्रदर्शनं मोठ्या हौसेनं भरतात. उत्कृष्ट खोंडाला, गाईला, घोड्याला, कुत्र्याला गुलाल आणि ढाल मिळते, फोटोत मालक उभा राहतो. तिथं एक गट मुलांसाठी ठेवा. खिलार असो, मेंढरू असो की कारवानी. जनावर कुणाचंही असो, उसनं आणलेलं असलं तरी चालेल. मुला-मुलींनी ते चालवून दाखवावं, उभं करावं, आणि जाणत्या माणसानं फक्त त्यांचे हात बघावेत. एवढ्या गटाला खर्च जवळजवळ लागत नाही. पण पहिल्यांदाच माइकवरून एखाद्या मेंढपाळाच्या मुलीचं नाव पुकारलं जाईल, तिच्या मेंढीचं नव्हे, तिचं. आणि तिला जे येतं ते मोलाचं आहे, हे सगळ्या यात्रेला कळेल.