बंद करू नका

जुना डिजिटल ऑसिलोस्कोप दुरुस्तीला येण्याआधी बहुधा फोन येतो. ‘तारीख भलतीच दाखवतोय’, ‘काल केलेलं सेटिंग आज विसरलाय’, ‘सुरू होताना काहीतरी फेल म्हणतो, पण पुढे चालतो’. मी आधी विचारतो, आत्ता चालू आहे का? असेल तर चालूच राहू द्या. यूपीएसवर लावा, वर कागद चिकटवा, झाडलोट करायला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवा, पण मी येईपर्यंत बटणाला हात लावू नका. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या लॅब असिस्टंटला हे सांगितलं, तर ते म्हणाले, “पण सर, गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते.” म्हटलं, मग बुधवारीच येतो.

एवढी घाई कशाची, हे समजायला स्कोपच्या पोटात डोकवावं लागतं. टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस मालिकेतला ५४४ए घ्या. नव्वदच्या दशकातला, चार चॅनेलचा, ५०० मेगाहर्ट्झचा, सेकंदाला १०० कोटी नमुने घेणारा. आजही चांगल्या प्रयोगशाळेत मानाने बसेल असा. त्याच्या प्रोसेसर बोर्डावर डॅलस सेमीकंडक्टरची ३२ पायांची काळी, जाडजूड मॉड्यूल थेट सोल्डर केलेली असतात. इतर आयसींपेक्षा ती उंच दिसतात, कारण आत मेमरीच्या जोडीला लिथियमचा एक छोटा सेल आहे आणि सगळं इपॉक्सीत बुजवलेलं आहे. मेमरी साधी स्टॅटिक रॅम, वीज असेपर्यंतच लक्षात ठेवणारी. स्कोप चालू असताना ती बोर्डाच्या ५ व्होल्टवर जगते. व्होल्टेज उतरू लागलं की आतलं सर्किट आधी लिहिण्याची वाट बंद करतं आणि मग मेमरी सेलवर टाकतं. वीज नसताना किमान १० वर्षं माहिती टिकेल, असं कंपनीचं कागदोपत्री वचन होतं. मॉड्यूलवर चार आकडे छापलेले असतात. ९३२७ म्हणजे १९९३ सालचा २७वा आठवडा. यातले कितीतरी सेल दिलेल्या वचनाच्या दुप्पट, तिप्पट टिकले आहेत. त्यामुळे डिझाइन करणाऱ्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. यंत्र इतकी वर्षं कामाचं राहील, हा हिशोबच त्यांच्यासमोर नसावा.

यात एक उलटी गंमत आहे. सेल स्वतःहून थोडा झिजतोच, पण मेमरीचा भार त्याच्यावर पडतो तो स्कोप बंद असताना. म्हणजे दिवसभर राबणाऱ्या स्कोपपेक्षा, कव्हर घालून कपाटात जपून ठेवलेला स्कोप जास्त धोक्यात. ‘फार वापरलेला नाही हो’ असं विकणारा कौतुकाने सांगतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

सेटिंग विसरलं तर कोणाचं काही अडत नाही. प्रश्न कॅलिब्रेशनच्या आकड्यांचा आहे. कुठल्याही दोन स्कोपचे अ‍ॅम्प्लिफायर तंतोतंत सारखे नसतात. जुन्या स्कोपमध्ये हा फरक स्क्रू ड्रायव्हरने काढत. बोर्डावर फिरवायचे प्रिसेट असत, ते जागेवर आणले की काम झालं. पुढे ते प्रिसेट गेले आणि त्यांच्या जागी मेमरीतले आकडे आले. कारखान्यात कोणीतरी या विशिष्ट यंत्राला प्रमाण सिग्नल देऊन प्रत्येक चॅनेलची चूक मोजली आणि लिहून ठेवली. सोय मोठी झाली, पण प्रिसेटला लाइट गेल्यावर विसर पडत नसे.

आकडे मेमरीत ठेवायची ही सवय डिजिटल स्कोपपुरती नाही. टेक्ट्रॉनिक्सचा २४६५बी हा ४०० मेगाहर्ट्झचा, ट्यूबवर लाट काढणारा अस्सल अ‍ॅनालॉग स्कोप. पण त्याच्या नंतरच्या बोर्डांवरही त्याची सगळी शिस्त डीएस१२२५वाय नावाच्या ८ किलोबाइटच्या अशाच मॉड्यूलमध्ये राहते. ती गेली तर संपूर्ण कॅलिब्रेशन नव्याने करायचं. त्यासाठी पीजी५०६, टीजी५०१, एसजी५०३ यांसारखे जनरेटर लागतात, आणि तेही आता त्याच वयाचे झाले आहेत.

तुमच्याकडे दुसऱ्या स्कोपची फाइल असेल ना, तीच टाका, असा सल्ला मिळतो. टाकता येते. फेल हा शब्द जातो, पडदा स्वच्छ दिसतो, गिऱ्हाईक खूश. आणि त्या दिवसापासून तो स्कोप दुसऱ्याच यंत्राच्या चुका स्वतःच्या समजून दुरुस्त करत बसतो. बंद पडलेला स्कोप निदान खोटं बोलत नाही. टीडीएसमध्ये सिग्नल पाथ कॉम्पेन्सेशन नावाची सोय आहे, ती चालवली की सगळं ताळ्यावर येतं असंही पुष्कळांना वाटतं. ती तापमानामुळे पडलेला फरक काढते. मुळातलं कॅलिब्रेशन तिला नव्याने जन्माला घालता येत नाही.

म्हणून पहिलं काम वाचण्याचं. टीडीएसचं झाकणही न उघडता जीपीआयबी केबलवरून मेमरी लॅपटॉपवर उतरवता येते. ती हळू उतरते. उतरली की पुन्हा उतरवायची आणि दोन्ही फाइली एकमेकींशी ताडून बघायच्या. बाइटन्‌बाइट जुळला तरच सोल्डरिंग आयर्न गरम करायचा.

२४६५बीच्या बाबतीत मी चिप काढूनच वाचतो, आणि तिथे जीव मुठीत असतो. ग्राउंडचा पाय बोर्डाच्या आतल्या तांब्याच्या थराला जोडलेला, सगळी उष्णता तो थर पिऊन टाकतो. जोर करावा तर सेल तापतो. ताजं सोल्डर आधी भरायचं, एक पाय मोकळा झाला की थांबायचं, हाताला गार लागला की पुढचा. आयर्नचं अर्थिंग नीट हवं. एरवी काढलेली आयसी आपण काळ्या फोममध्ये खोचतो. बॅटरीवाली चिप तिथे कधीच ठेवायची नाही, कारण तो फोम वीज वाहून नेतो आणि उरलासुरला सेल पिऊन टाकतो. प्रोग्रामरमध्ये लावल्यावर फक्त ‘रीड’. टेस्टचं बटण मेमरीत लिहून बघतं, हे त्या बटणावर छापलेलं नसतं.

यानंतरचं काम साधं आहे, फक्त निवड करावी लागते. ८ किलोबाइटच्या जागी मी फेरोइलेक्ट्रिक रॅम घालतो. एफएम१६डब्ल्यू०८ ही चिप ५ व्होल्टवर चालते, तिला सेल लागतच नाही. ती पत्ता पकडते तो चिप-निवडीचा सिग्नल खाली येताना. तो सिग्नल खालीच धरून पत्ते बदलणाऱ्या यंत्रात ती चालणार नाही, तेव्हा सर्किट आधी बघावं. २४६५बीत ती चालते. टीडीएसच्या मोठ्या मॉड्यूलना मात्र अशी ५ व्होल्टची सरळ बदली मिळत नाही. त्या आकाराच्या फेरोइलेक्ट्रिक चिपा ३.६ व्होल्टपर्यंतच्याच. तिथे नवं मॉड्यूल, नाहीतर जुन्याचं इपॉक्सी कोरून बाहेरून सेल जोडणं. कोरणं मला आवडत नाही, पण कधी कधी तेवढंच हाती उरतं.

‘नवं’ हा शब्दही जपून घ्यावा लागतो. लॅमिंग्टन रोड असो, आमची तापकीर गल्ली असो की ऑनलाइन दुकान, घासून पुन्हा छापलेली मॉड्यूल सगळीकडे फिरतात. वर तारीख गेल्या वर्षीची, आत सेल विसाव्या शतकातला. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला की पुष्कळदा अक्षरं पुसली जातात. तरीही मी ओळखीचे आकडे लिहून चिप काही आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि मगच तिच्यावर विश्वास टाकतो. बोर्डावर आता सॉकेट बसवायचं, म्हणजे पुढच्याला सोल्डर काढावं लागणार नाही. टीडीएस उघडलाच आहे तर छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बघून घ्यावेत. गळलेल्या कपॅसिटरला आयर्न लावला की सुक्या मासळीसारखा वास येतो. तो आला की दुपार गेलीच.

२४६५बीची फाइल मी कागदावरही छापून देतो. ओळीला ३२ बाइट धरले तर २५६ ओळी, चार पानांत मावतात. टीडीएसची मावत नाही, ती पेन ड्राइव्हवर जाते.

बिलात काय लिहायचं हा शेवटचा पेच. ‘आयसी बदलली’ असं लिहिलं की आयसीची किंमत विचारतात आणि बाकीचे पैसे कसले, असं म्हणतात. म्हणून त्या महाविद्यालयाच्या बिलात मी पहिली ओळ लिहिली : मेमरी वाचणे, पडताळणे, प्रती करणे. हिशोब विभागाने बिल परत पाठवलं. ‘वाचणे’ ही बाब मंजूर यादीत बसत नव्हती. लॅब असिस्टंटनी फोनवर चाचरत सुचवलं, “सर, नेहमीसारखं लिहून द्या ना.” मी ‘आयसी बदलणे’ एवढंच लिहिलं आणि रक्कम तीच ठेवली. ते बिल आठवड्यात पास झालं.