सुरांची खतावणी

गाणे विकत घ्यावे की भाड्याने ऐकावे, हा प्रश्न आता घरोघरी मागे पडला आहे. महिन्याची वर्गणी भरली की फोनमध्ये कोट्यवधी गाणी येतात आणि वर्गणी थांबली की ती निघून जातात. व्यवहार स्पष्ट आहे. त्यात फसवणूक काही नाही. तथापि माल आधी ताब्यात घ्यायचा, मग त्याची नोंद करायची, ही ज्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, त्या घराला तो पुरता पचत नाही. कंपनीचा परवाना संपला की काल ऐकलेली मैफल आज यादीत नसते. शिवाय घरच्या कपाटात जे आहे, ते त्या कोट्यवधी गाण्यांत असेलच असेही नाही.

सांगलीच्या हळदबाजारात आडत असलेल्या एका घरात असे एक कपाट होते. त्यात 180 कॅसेटी होत्या. काही विकत घेतलेल्या. परंतु बऱ्याचशा अण्णांनी तरुणपणापासून स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या. आकाशवाणीवरील रात्रीच्या संगीतसभा, गणेशोत्सवातील मैफली आणि जवळच मिरजेला मिरासाहेबांच्या दर्ग्यात होणारे गायन. अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत घर केले. 1937 साली ते गेले, पण त्यांच्या स्मरणार्थ तेथे भरणाऱ्या संगीतसभेला आसपासच्या गावांतून श्रोते येतात. अण्णाही दुकान लवकर आवरून जात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात संध्याकाळ लांब असते, आणि ती संध्याकाळ या घरात वर्षानुवर्षे गाण्याने भरलेली असे.

पुढे कॅसेटचे यंत्र बंद पडले. अण्णांनी पेढी मुलाच्या हाती सोपविली. ऐकू कमी येऊ लागले तसे बोलणेही कमी झाले. दुकानात कोणी सल्ला विचारीत नाही आणि घरात कोणी काय म्हणते ते नीट कळत नाही, अशा दुहेरी रिकामपणात ते बसून राहू लागले. मुलाने स्वतःच्या हाताने संगीताचे यंत्र जुळवावयाचे ठरविले, त्याला निमित्त हे होते. एरवी तयार यंत्रे बाजारात मिळतातच.

अशा यंत्राला स्ट्रीमर म्हणतात. त्यात फिरणारा भाग एकही नसतो. संगणकाच्या साठ्यात आकड्यांच्या रूपाने ठेवलेले गाणे घरातील जाळ्यावरून मागवून घ्यायचे आणि त्याच्या विद्युतलहरी करून ॲम्प्लिफायरकडे द्यायच्या, एवढेच त्याचे काम. त्याचा गाभा म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याएवढा संगणक. शाळकरी मुलांना संगणकाचे अंतरंग कळावे म्हणून केंब्रिजमध्ये तो तयार झाला आणि 29 फेब्रुवारी 2012 रोजी विक्रीस आला. मुलांसाठी केलेली वस्तू जगभरच्या संगीतवेड्या प्रौढांनी उचलली. त्याच्या पिनांवर दुसरी एक छोटी पाटी बसवितात. आकड्यांचे सूर करण्याचे काम ती करते. तिला डॅक म्हणतात.

आकडे आणि सूर यांचे नाते हळदीच्या व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पोत्यात लोखंडी नळी टोचून नमुना काढतात आणि त्या चिमूटभर मालावरून सबंध पोत्याचा भाव ठरतो. सीडीमध्ये आवाजाचे असेच नमुने घेतलेले असतात. सेकंदाला 44,100, डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगळे. माणसाचा तरुण कान फार तर सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो, आणि सर्वांत उंच कंपनाच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले तर मूळ लहर पुन्हा तंतोतंत उभी करता येते, असे गणित सांगते. म्हणजे नमुना प्रामाणिक असेल तर त्यात संपूर्ण पोते असते. फक्त प्रत्येक नमुना ठरल्या क्षणी बाहेर पडला पाहिजे. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या घड्याळाला 44,100 ने पूर्ण भाग जात नाही; म्हणून चांगल्या डॅक-पाटीवर दोन स्वतंत्र स्फटिक असतात. एक सीडीच्या पटीचा आणि दुसरा 48,000 च्या पटीचा, आणि ठेका मग संगणक नव्हे, ती पाटी धरते.

गाण्यांचा साठा सांभाळणारी प्रणाली त्याने निवडली, तिची हकिकत व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. स्क्वीझबॉक्स नावाची घरगुती संगीतयंत्रे करणारी एक छोटी कंपनी 2006 साली लॉजिटेकने विकत घेतली आणि 2012 मध्ये ती यंत्रे काढणे बंद केले. परंतु त्यांचा सर्व्हर चालविणारी आज्ञावली खुली होती. दुकानाला कुलूप लागले आणि गिऱ्हाइकांनीच ते उघडून चालविले, तसे झाले. ती आज्ञावली आजही हौशी मंडळी सुधारीत असतात. लिरियन हे तिचे आजचे नाव. यंत्र कोणी बनविले याइतकेच ते बंद पडल्यावर कोण दुरुस्त करील हेही पाहावे, हा जुन्या माणसांचा हिशेब येथे खरा ठरलेला दिसतो.

यंत्र पहिल्या आठवड्यातच गाऊ लागले. नंतर सुरू झाला तो सुधारणांचा काळ, आणि या छंदातील खरा खर्च येथेच होतो. स्पीकरमधून बारीक गुणगुण येत होती. दोष विजेच्या ॲडॉप्टरचा असावा म्हणून मूळ संगणकाहून महाग असा वीजपुरवठ्याचा वेगळा डबा आला. गुणगुण कायम. मग जाड तांब्याच्या तारा आल्या. गुणगुण कायम. शेवटी एका रविवारी एकेक तार काढून पाहता त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेल्या टीव्हीची केबल ओढताच शांतता पसरली. बाहेरून येणाऱ्या केबलची जमीन एक आणि घराच्या वीजजोडणीची जमीन दुसरी; त्या दोहोंमधून फिरणारा प्रवाह 50 कंपनांचा तो सूर लावीत होता. उपाय फुकटचा निघाला.

महाग डबा मात्र घरात होताच, आणि त्याने आवाज "उघडला" असे मुलाला मनापासून वाटत होते. सूनबाईंनी त्याची परीक्षा घेण्याचे ठरविले. त्या पेढीचे हिशेब पाहतात. वाटणे आणि असणे यांतला फरक त्यांना रोज निस्तरावा लागतो. तानपुऱ्याचे एकच ध्वनिमुद्रण, आवाजाची पातळी दोन्ही वेळा अगदी समान, पडद्यामागे कधी साधा ॲडॉप्टर तर कधी नवा डबा, आणि कोणता ते नाणे उडवून ठरविलेले. पातळी समान ठेवणे फार महत्त्वाचे. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो, आणि या बाजारातील बरीच विक्री त्या किंचितावर चालते. दहा वेळांपैकी मुलाने पाच वेळा बरोबर ओळखले. नाण्यानेही तितकेच ओळखले असते. डबा मित्राला देऊन टाकण्यात आला.

याचा अर्थ सगळ्याच सुधारणा व्यर्थ असतात असा नाही. सांगलीत वीज न सांगता जाते आणि लिहिणे चालू असताना वीज गेली तर मेमरी कार्ड बिघडते. म्हणून सबंध प्रणाली सुरू होताच स्मृतीत चढवून कार्डाला पुन्हा हात न लावणारी रचना त्याने बसविली. पेटी सागवानी केली, कारण लोखंडी पेटीत वायफाय गुदमरते. साठ्याची दुसरी प्रत धाकट्या भावाच्या घरी ठेवली. या गोष्टींनी आवाज तसूभर सुधारला नाही. यंत्र रोज उठून गाऊ लागले.

खरी सुधारणा अण्णांच्या कानाच्या बाजूने करावी लागली. वयाबरोबर आधी जाते ती उंच स्वरांची जाण. व्यंजने पुसट होतात, झांजेची किणकिण हरवते. कानातले श्रवणयंत्र बोलण्यासाठी घडविलेले असल्यामुळे ते गाण्याचा चढउतार दाबून सपाट करते. तंत्रज्ञाकडून त्यात संगीतासाठी वेगळी मांडणी करून घेतली आणि स्ट्रीमरमध्ये 2,000 ते 4,000 कंपनांचा पट्टा थोडा उचलला. तरुण कानाला तो आवाज जरा कर्कश वाटतो. नातीने तसे बोलूनही दाखविले. तेव्हा सागवानी पेटीवर एक बटण आले, दाबले की आजोबांचा आवाज, पुन्हा दाबले की घरच्यांचा. शेकडो रुपयांच्या डॅकला मागे सारील असा फरक त्या एका बटणाने झाला. अण्णांना बंदिशीचे शब्द पुन्हा उमटलेले ऐकू आले.

आता कॅसेटी. त्या आकड्यांत उतरविण्याला आडवाट नाही; तासाच्या कॅसेटला तासच लागतो. जुन्या यंत्राचा रबरी पट्टा बदलून काम सुरू झाले आणि तिसऱ्याच कॅसेटला अण्णा म्हणाले, "ही बाई इतक्या वर गात नव्हती."

मुलाला वाटले, अण्णांच्या ऐकण्यातला दोष. पण अण्णांनी संवादिनी मागविली, षड्ज धरून पट्टी दाबली आणि गायिकेचा स्वर जवळजवळ अर्धस्वराने चढलेला दाखवून दिला. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की सबंध गाणे अर्धस्वराने सरकते, हे गणित मुलाने नंतर पडताळले. उंच कंपने न ऐकणाऱ्या कानाला षड्ज मात्र अचूक कळत होता. त्या दोन शक्ती वेगळ्या आहेत, हे त्या घराला त्या दिवशी कळले.

कारणही अण्णांनीच सांगितले. ती मैफल त्यांनी सेलवर चालणाऱ्या यंत्राने टिपली होती. सेल उतरत गेले तशी फीत मंद फिरत गेली; मंद फिरलेल्या फितीवरचे गाणे नीट फिरणाऱ्या यंत्रावर लावले की ते वर चढते. आणि एकदम चढत नाही. पहिला ख्याल पट्टीत, द्रुत थोडी वर, भैरवी पार भलतीकडे. सबंध कॅसेटवर एकच दुरुस्ती करून भागणार नव्हते. दर पाच मिनिटांनी अण्णा पट्टी दाबून स्वर सांगत, मुलगा संगणकावर वेग उतरवीत जाई. तानपुरा सबंध वेळ एका जागी उभा राहीपर्यंत त्या एका कॅसेटला चार संध्याकाळी लागल्या. जुन्या 78 फेऱ्यांच्या म्हणविणाऱ्या तबकड्यांचीही हीच गोष्ट आहे. आरंभीच्या काळात त्या प्रत्यक्षात कमीअधिक वेगाने नोंदल्या जात, आणि त्यांतील गायकांची खरी पट्टी कोणती यावर जाणकार अजून वाद घालतात.

मग नोंदीचा प्रश्न आला. परदेशी प्रणालीला गायक आणि अल्बम एवढीच खाती ठाऊक. तिच्यात राग नाही, ताल नाही, साथीदार नाहीत, मैफलीचे गाव नाही. मुलगा आधी वैतागला, पण अण्णांना त्यात अडचण दिसेना. रोजकीर्दीत व्यवहार एकदाच तारखेवार मांडतात आणि खतावणीत तोच ज्याच्या त्याच्या खात्यावर नेतात, तसेच करावयाचे. संगीतकाराच्या रकान्यात राग घातला, टिपणीच्या रकान्यात गाव आणि साल, साथीदारांना स्वतंत्र रकाना जोडला. अण्णा तांबड्या कापडी पुठ्ठ्याच्या जुन्या वहीत हाताने कच्ची नोंद करतात. नात ती संगणकावर चढविते आणि शुद्धलेखनाच्या चुका आजोबांना दाखवून देते. एका रागाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिले गेले तर यंत्र तीन राग समजते, म्हणून वहीच्या शेवटी प्रमाण नावांची यादी आहे. यमन आणि कल्याण ही दोन खाती ठेवायची की एक, यावर आठ दिवस चर्चा झाली.

आजवर 112 कॅसेटी झाल्या. दोन कोऱ्या निघाल्या, एकीची फीत बुरशीने चिकटली. गेल्या आठवड्यात एका कॅसेटवर संगीतसभा संपली आणि तिच्या पाठोपाठ फीत तशीच चालू राहिल्यामुळे आकाशवाणीवरील बाजारभाव आले. गूळ, हळद, शेंग. मुलाने तो भाग कापण्यासाठी खूण केली. अण्णांनी हात वर करून थांबविले, बटण दाबून आपला आवाज लावला, हळदीचा भाव दोनदा ऐकला, आणि वहीत त्या तारखेच्या पुढे राग केदार लिहिलेल्या ओळीखाली तो मांडून ठेवला.