एकादशीचे बटाटे
(तृतीय वर्ष कला, इतिहास)

‘इंग्लंडला जाऊन आलास, तर अंकासाठी प्रवासवर्णन दे,’ असे सरांनी सांगितले आणि मी हो म्हणून बसलो. प्रवासवर्णनात टॉवर ब्रिज असावा, वर्डस्वर्थचा डोंगराळ मुलूख असावा, निदान बर्फ तरी असावा. मी गेलो २०२३च्या जूनमध्ये. तेव्हा बर्फाचा प्रश्नच नव्हता. लीड्स शहरात, एकाला एक लागून असलेल्या लाल विटांच्या घरांपैकी एका घरात पाच आठवडे राहिलो आणि त्यातले निम्मे दिवस स्वयंपाकघरात उभे राहून काढले. म्हणून लिहायचे ते एका संध्याकाळच्या स्वयंपाकाविषयीच लिहितो. पाऊण तासाचा स्वयंपाक, पदार्थ दोनच. भाजलेले बटाटे आणि स्टेक.

स्टेक म्हणजे गोमांसाचा जाड तुकडा. हे वाक्य लिहिताना हात अडखळला, ते सांगून टाकलेले बरे. आमचे घर माळकरी. नाना, म्हणजे माझे वडील, गेली बावीस वर्षे आळंदीहून पंढरीला पायी जातात. घरात अंडेसुद्धा शिजत नाही. शिवाय आम्ही शेतकरी. बेंदराला पुरणपोळी आधी बैलांना, मग माणसांना. महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली ती २०१५ साली. त्याच्या कितीतरी आधी आमचा ढवळ्या म्हातारा झाला, पण नानांनी तो बाजार दाखवला नाही. दावणीलाच मरू दिला आणि बांधावर पुरला. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. नाना दोन दिवस जेवले नव्हते, एवढे आठवते.

माझी ताई लीड्सच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिने तिथल्याच एका शाळामास्तराशी लग्न केले, तेव्हापासून नाना तिच्याशी बोललेले नाहीत. तिचा फोन आला की तो आईच्या हातात देतात आणि अंगणात जाऊन उभे राहतात. ताईला दिवस राहिले, आईने बाळंतपणाला जायचे ठरवले, सोबतीला मी. नानांनी ‘जा’ म्हटले नाही, ‘जाऊ नको’ही म्हटले नाही. निघायच्या आदल्या रात्री मात्र शेतातले चार किलो शेंगदाणे पिशवीत आपल्या हाताने बांधून ठेवले. कोणासाठी, ते काही सांगितले नाही.

ताईच्या नवऱ्याला मी पहिल्याच दिवशी ‘दाजी’ म्हटले. त्यांना ते माझे टोपणनाव वाटले आणि दोन दिवस ते मलाच दाजी म्हणत होते! उलगडा झाल्यावर मात्र त्यांना हा शब्द फार आवडला. आईने येताना तवा, पातेले, उलथने आणि स्वतःचा पेलाही आणला होता. दाजींनी त्यासाठी वरचा एक फळा रिकामा करून दिला आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली. ताईकडून अक्षरे गिरवून घेतली होती. ‘आइ’ असे लिहिले होते. आईने ती चूक पाहिली आणि तशीच राहू दिली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यावरून काय आठवणार? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहाबिस्किटे पुढे आली. कोणी खाल्ली, कोणी नुसता कप हातात धरला. हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य झाले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले. परीक्षेत या प्रकरणावर टीप लिहिताना मला नेहमी हसू यायचे. लीड्समध्ये आईला आपला पेला आपणच विसळून वरच्या फळ्यावर पालथा घालताना रोज पाहिले, आणि ते हसू कुठे गेले कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिरस्कार तर नव्हताच. आपण कुठे उभे आहोत ते आपल्याला कळावे, एवढ्यासाठी माणूस जमिनीवर एक रेघ ओढतो, तसे काहीसे होते.

त्या दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी होती. नाना पालखीबरोबर दिवे घाट चढले असणार. आई वरच्या खोलीत हरिपाठ म्हणत होती. संध्याकाळचे सात वाजले होते तरी खिडकीबाहेर आपल्याकडच्या चार वाजल्यासारखे ऊन. दाजी शाळेतून आले, बाह्या सारल्या आणि बटाटे सोलायला बसले. आमच्या घरी पुरुषमाणूस पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मागतो. त्यामुळे मला तर आधी या दृश्याचेच नवल.

बटाटे मॅरिस पायपर नावाच्या जातीचे, पिठूळ. लिंबाएवढ्या फोडी करून मिठाच्या पाण्यात आठ मिनिटे उकडल्या. पाणी काढून टाकले, पातेल्यावर झाकण घातले आणि दोन्ही हातांनी ते खुळखुळ्यासारखे हलवले. मला वाटले, झाला लगदा! पण फोडींच्या कडा फक्त खरबरीत झाल्या. दाजी म्हणाले, सगळी करामत त्या खरबरीत कडांची. तेल तिथे धरते आणि तिथेच कुरकुरीत होते. ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर ताटलीत तेल आधीच तापत होते. त्यात फोडी सोडल्या तेव्हा फोडणीत मोहरी पडावी तसा आवाज आला. मग चाळीस मिनिटे, मध्ये एकदा उलटायच्या. एवढेच. या झटपट म्हणवणाऱ्या जेवणाचा जवळजवळ सगळा वेळ बटाट्यांचा असतो. मांसाचे काम पाच-सहा मिनिटांत उरकते.

मांस त्यांनी आधीच शीतकपाटातून काढून ठेवले होते. कागदाने टिपून कोरडे केले, मीठ-मिरी लावली. तवा थेट आपल्याकडच्या बिडाच्या तव्यासारखा, जड आणि काळा. ओले मांस तव्यावर वाफेने शिजते, कोरडे असेल तरच ते भाजते, असे त्यांचे म्हणणे. दाजी रसायनशास्त्र शिकवतात, त्यामुळे तव्यापुढेही फळा-खडू चालूच. तो तपकिरी रंग आणि खमंगपणा ज्या क्रियेने येतो, तिचा उलगडा करणाऱ्या मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाचा निबंध १९१२ सालचा. भाकरीचा पापुद्रा आणि भाजलेला शेंगदाणा यांचा खमंगपणाही त्याच जातीचा. ताटलीत उतरणारे लाल पाणी पाहून मी मान फिरवली, तर म्हणाले, ‘ते रक्त नव्हे, स्नायूतल्या मायोग्लोबिनचा रंग आहे.’ असेल. पण ढवळ्यालाही स्नायू होते, हे मी त्यांना कोणत्या इंग्रजीत सांगू?

ताई तेवढ्यात कामावरून आली. सातवा महिना सरत आला होता. पायातले बूट न काढताच खुर्चीत बसली आणि डोळे मिटले. दाजींनी तवा धूर येईपर्यंत तापवला, तेलाचे बोट फिरवले आणि दोन तुकडे टाकले. एक अडीच-अडीच मिनिटे दोन्ही बाजूंनी, आतून गुलाबी राहील असा. दुसरा, ताईचा, त्याहून बराच वेळ. गरोदर बाईने मांस पुरते शिजवूनच खावे म्हणून. शेवटी लोण्याचा गोळा आणि सालासकट ठेचलेला लसूण टाकून ते वितळलेले लोणी चमच्याने वर ओतत राहिले.

आता मुख्य कबुली. त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटले. कोणाचे मांस आहे ते ठाऊक असताना सुटले. संस्कार जिभेवर असतात असे मी समजत होतो.

एवढ्यात छताला लावलेली धुराची घंटा ठणाणा वाजू लागली. दाजी टॉवेल घेऊन तिच्याखाली उड्या मारू लागले. आग लागली असे समजून आई धावत खाली आली, हातात जपाची माळ तशीच. तवा, तव्यातले ते, उड्या मारणारा जावई, सगळे तिने एकदम पाहिले. घंटा बंद झाली आणि मग कोणीच बोलेना.

दाजींनी आधी तव्यावर झाकण घातले. मग ओव्हन उघडून बटाट्यांची ताटली बाहेर काढली. ताटली कोरी, त्याच दिवशी विकत आणलेली. यॉर्कशरमध्ये बटाटे गोमांसाच्या चरबीत भाजायची जुनी चाल आहे. त्यांची आई अजून तसेच करते. दाजींनी शेंगतेलाची बाटली उचलून तिच्यावरचे चित्र आईला दाखवले. एरवी ते बटाट्यांवर रोजमेरीचा पाला घालतात. तो उपासाला चालतो की नाही, हे त्यांनी दुपारी ताईला फोन करून विचारले होते. ताईलाही सांगता येईना, म्हणून पाला घातलाच नव्हता. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, नावही त्यांच्याच भाषेतले. तो एकादशीला कसा चालू लागला, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही. पण चालतो. आई खुर्चीवर बसली. दाजींनी पहिले ताट तिला वाढले. आईला कोणी आधी वाढलेले मी जन्मात प्रथमच पाहत होतो.

एक फोड तिने चावली तर पापडासारखी वाजली. ‘मऊ हाय की आतनं,’ ती म्हणाली, आणि उठून आपल्या फळ्यावरून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आली. उपासाची चटणी, नानांच्या शेंगदाण्यांची. दाजींनी हात पुढे केला. तिने चमचाभर वाढली, आणि त्यांनी ती सरळ आपल्या स्टेकवर पसरली! आईने एकदा त्या ताटलीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मला त्याच दिवशी दिवे घाटात पालखीचा रथ ओढणाऱ्या बैलांची आठवण झाली. दाजींनी एक तुकडा काट्याला लावून माझ्यापुढे धरला. मी काटा हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि तसाच परत ठेवला. पंचहौदातले ते कप धरून बसलेले लोक मला त्या क्षणी फार जवळचे वाटले.

ताईच्या पुढ्यात तिची ताटली होती. तिने हात लावला नव्हता.

‘कवापासनं खातीस?’ आईने विचारले.

‘लग्नाच्या आधीपासनं.’ ताईने दाजींवर ढकलले नाही. ढकलणे सोपे होते.

आई बराच वेळ माळेचे मणी ओढत राहिली. मग म्हणाली, ‘दोन जिवांची हाईस. निवायच्या आत जेव.’ आणि स्वतःचे ताट घेऊन उठली, वर खोलीत जाऊन जेवली. रात्री ताटातला एकही बटाटा उरलेला नव्हता. ताट मात्र तिने वेगळेच घासले.

हे छापू का, असे मी ताईला फोनवर विचारले. नाना आमच्या कॉलेजचा अंक जाहिरातींसकट वाचतात, हे तिला ठाऊक आहे. ती म्हणाली, ‘लिही. मला त्यांना सांगायचंच होतं. ते फोनच घेत नाहीत तर सांगू कसं?’ म्हणून लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासवडच्या मुक्कामावरून नानांचा फोन आला. मागे टाळांचा आवाज होता.

‘एकादशीला काय खाल्लंस?’

‘बटाटं. जावयांनी भाजलं.’

नाना थांबले. टाळ ऐकू येत राहिले. मग त्यांनी विचारले, ‘कशात?’

‘शेंगतेलात.’

‘बरं,’ नाना म्हणाले. मग घाटाविषयी सांगू लागले. ऊन फार होते, रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या, एक बैल मध्येच अडून बसला होता, त्याला पाणी पाजून उठवला. हे सगळे त्यांनी नेहमीपेक्षा जरा मोठ्याने आणि सावकाश सांगितले. ताई आईच्या शेजारीच उभी होती. फोन स्पीकरवर आहे, हे नानांना ठाऊक होते की नाही, कोण जाणे.