वस्तऱ्याआधी पथरी

आमच्या घरात मुलींनी वस्तऱ्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. पथरीला, म्हणजे वस्तऱ्याला धार लावायच्या दगडाला, मात्र लावायचा. किंबहुना पथरी माझ्याच गळ्यात पडली होती. थोरला भाऊ दुकानात गिऱ्हाइकांच्या मानेवरून मशीन फिरवायला शिकत होता आणि मी मागच्या मोरीत बसून वडिलांची, म्हणजे आप्पांची, वीतभर लांबीची काळी पथरी सपाट करत होते. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या बाजारपेठेत दोन खुर्च्यांचं आमचं दुकान. आजोबांची चामड्याची धोकटी आत खुंटीला असायची. बलुत्याच्या काळात ती काखोटीला मारून ते दारोदार फिरले. आप्पांच्या वेळी ती फक्त दसऱ्याला पूजेपुरती खाली यायची. पथरी तिच्यातलीच, आजोबांनी मुंबईहून आणलेली.

वस्तरा काही रोज पथरीवर चढत नाही. रोजचं काम चामड्याच्या पट्ट्यावर भागतं. पट्ट्यावर वस्तऱ्याची पाठ पुढे आणि धार मागे, पथरीवर नेमकं उलटं. वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि पातं दोन्ही अंगांनी खोलगट. आडवा ठेवला की पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकतात. सुरीला धार लावताना कोन मनगटाने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचा कोन त्याच्या अंगातच असतो, साधारण १६-१७ अंशांचा. म्हणून इथे मनगटाने हुशारी करायची नाही आणि म्हणूनच दगड सपाट हवा. तो मधे खपला असेल तर धारेचा मधला भाग दगडाला लागतच नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली कळतं.

सपाट करायची आमची रीत साधी होती. दुकानात फुटक्या आरशांना तोटा नव्हता. जाड आरशाचा तुकडा घ्यायचा, त्यावर ओला पॉलिश पेपर पसरायचा. पथरीवर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारायच्या आणि ती पालथी घालून घासायची. दोन टोकांच्या रेघा लगेच पुसल्या जात. मधल्या मात्र ढिम्म हलत नसत. आप्पा दारातून डोकावून म्हणायचे, "दाबू नगंस गं, दगूडच घासंल आपलं आपण." मधली शेवटची रेघ गेली की चारी काठ थोडे गोल करायचे, कारण दगडाचा धारदार काठ वस्तऱ्याला लागला तर धारेचा बारीकसा टवका उडतो. मग पाणी मारून नखाने सगळा माथा चाचपायचा. कुठे एखादा कठीण कण किंवा शीर नखाला अडली, तर तो भाग टाचणीने कोरून काढायचा. तसा एक कण सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

यानंतर पथरी आप्पांच्या हातात जायची आणि मी नुसती बघत बसायचे. त्याच दगडाची एक कपची ओल्या पथरीवर घासून ते राखाडी गाळ उठवत. सुटे कण लोखंड भराभर खातात, म्हणून सुरुवात गाळात. पण शेवट गाळात करायचा नाही. पुढे धावणारी धार त्या सुट्या कणांवर समोरासमोर आपटते आणि तिचं टोक बोथटतं. म्हणून आप्पा बोट बुडवून एकेक थेंब पाणी घालत, गाळ पातळ पातळ करत नेत, आणि शेवटच्या फेऱ्या स्वच्छ पाण्यावर, वस्तऱ्याच्या वजनाइतक्याच भाराने. तोवर पाण्याची चाल बदललेली असे. आधी धार पाण्याला पुढे लोटते. काम संपत आलं की तेच पाणी धारेवरून पात्यावर चढायला लागतं. घासण्याचा खरखरीत आवाज खाली बसतो, वस्तरा दगडाला किंचित धरून ठेवल्यासारखा चालतो. मग एक केस चिमटीत लोंबता धरून आप्पा धारेला टेकवत. आवाज न होता तुटला तर ठीक.

दहावीनंतर मी हट्टाने पुण्याला फर्ग्युसनला गेले आणि भूशास्त्र घेतलं. प्रयोगशाळेत दगडाची चकती काचेच्या पट्टीवर चिकटवून, कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालून ती ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासायची असते. तेव्हा दगडातून उजेड पार होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली खनिजं ओळखता येतात. बरोबरच्या मुली घासून घासून रडकुंडीला येत. मला त्यात नवीन काय ते कळेना.

आमच्या पथरीची कपची मी तिथेच बघितली. स्लेट. चपटे अभ्रकाचे कण एका दिशेने आडवे पहुडलेले, मधे अगदी बारीक क्वार्ट्झ. म्हणजे सातारची नव्हेच. आपला महाराष्ट्र बव्हंशी बेसॉल्टचा, थिजलेल्या लाव्ह्याचा. त्याची जाती होतात, पाटे-वरवंटे होतात, लेणी आणि किल्ले होतात. दाढीच्या वस्तऱ्याला हवा तसा एकसारख्या बारीक कणांचा दगड त्यातून निघत नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या न्हाव्याची पथरी बाहेरूनच यायला हवी.

पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बेल्जियममध्ये लिएजला राहिलो. तिथून आगगाडीने दक्षिणेला आर्देनच्या डोंगरात व्हिएल्साल्म लागतं. जगभरच्या न्हाव्यांनी ज्याला डोक्यावर घेतलं तो पिवळा कोटिक्यूल दगड याच भागातला. जवळच्या साल्मशातो गावात, साल्म नदीकाठी, त्याचं एक संग्रहालय आहे. जांभळट-निळ्या स्लेटच्या थरांमध्ये पिवळ्या दगडाचे पातळ पट्टे, सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचे. पट्टा इतका पातळ की त्याला बहुधा खाली स्लेटची फळी चिकटवून विकतात. या दगडात पाच ते वीस मायक्रॉनचे गार्नेटचे दाणे ठासून भरलेले असतात. इतके मोठे दाणे आणि दाढी मात्र लोण्यासारखी, हे कसं? दाण्यांना बारा पृष्ठं असतात, ते गोलसर असतात, त्यामुळे लोखंडात खोल रुतत नाहीत. उथळ ओरखडे काढतात. मी एक लहानसा तुकडा विकत घेतला आणि हॉटेलच्या मोरीत लगेच नखाने चाचपला.

जर्मनीतला थुरिंगियाचा स्लेट आणि जपानात क्योटोजवळच्या खाणींतले दगड यांचंही नाव मोठं आहे. क्योटोच्या दगडांच्या बाजूंना लाखेसारखा लेप देतात, कारण थरांमधून पाणी शिरलं तर दगड पापुद्र्यांनी सुटतो. नाकायामासारख्या खाणी आता बंद आहेत, त्यामुळे किमतींना धरबंध नाही. हौशी लोक असे दगड कपाटभर जमवतात. माझं मत विचाराल तर एकच चांगला दगड घ्यावा आणि त्याचं पाणी ओळखू यावं इतका वापरावा. उरलेली मिरवणूक.

वस्तऱ्याबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांना मी एक आठवण करून देते. याच वस्तऱ्याने विधवांची डोकी भादरली आहेत. १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, हे काम करणार नाही असं जाहीर केलं. आप्पा ही गोष्ट दुकानात येईल त्याला सांगायचे, कधीकधी दाढी अर्धी ठेवून.

नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली आणि अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा सगळीकडे आला. भावानेही तो घेतला. आप्पा पथरी फडक्यात गुंडाळताना काही बोलले नाहीत. मला विचाराल तर झालं ते बरंच झालं. एकच पातं गावभरच्या गालांवरून फिरणं कुणाला आवडेल? पथरी माझ्याकडे आली. पुतण्याने हौसेने जर्मनीतल्या झोलिंगेनचा जुना वस्तरा मिळवलाय, तो फक्त स्वतःच्या गालावर चालवतो. त्याची धार मी लावते. सुरुवात बेल्जियमच्या दगडावर, शेवट आप्पांच्या काळ्या पथरीवर. आता वस्तऱ्यालाही हात लावते; दंडक घालणारं कुणी उरलेलं नाही.

तुमच्या ओळखीच्या जुन्या दुकानात, कुणाच्या माळ्यावरच्या धोकटीत अशी पथरी असेल, तर तिच्यावर विळी किंवा कात्री घासू नका. तेल घालू नका, तिला पाणीच पुरतं. पेन्सिलीच्या रेघा मारून ओल्या पॉलिश पेपरवर सावकाश सपाट करा, काठ गोल करा, सावलीत वाळवा. एवढं केलं की ती पुढच्या पिढीलाही चालते. नेहमीच्या दाढीला तिची झीज नखभरसुद्धा होत नाही.