काला अंब : रसद न पोचलेली वाट

जानेवारीतल्या सकाळी दिल्लीहून निघालेली गाडी पानिपत स्टेशनात शिरते, तेव्हा फलाटावरच्या दिव्यांभोवती अजून धुक्याची वर्तुळे असतात. माकडटोप्या, शाली आणि घरून बांधून आणलेली तिळगुळाची पुडी सांभाळत उतरणारी मराठी मंडळी त्या गर्दीतही चटकन ओळखू येतात. जुन्या किल्ल्याकडे, दर्ग्याकडे किंवा घोंगड्या-चादरींच्या बाजाराकडे त्यांचे लक्ष नसते. रिक्षावाल्याला ती एकच नाव सांगतात, काला अंब.

रिक्षा ठरेपर्यंत पलीकडच्या रुळावरून एखादी मालगाडी धडधडत जाते. बंद डब्यांची लांबच लांब रांग, पुढे विजेचे इंजिन. पंजाब-हरियाणातल्या गोदामांतला गहू देशभर जातो तो अशाच गाड्यांतून, आणि त्यातला काही महाराष्ट्रातही येतो. ज्या गावात मराठ्यांची फौज दाण्याला महाग झाली, त्याच गावातून आज धान्याच्या गाड्या दक्षिणेकडे जातात. उतरलेल्या मंडळींपैकी क्वचितच कुणाचे लक्ष तिकडे जाते. तरी पानिपतची गोष्ट समजून घ्यायची तर या रुळांपासून सुरुवात करायला हरकत नाही.

शेतातला एक स्तंभ

काला अंब हे शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर आहे. शहराची गजबज, गिरण्यांची धुराडी आणि सुताच्या गाठोड्यांनी लादलेले ट्रक मागे पडले, की दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवी शेते लागतात. या सपाट जमिनीकडे पाहिले, की सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला पहिली जाणीव होते ती आडोशाची. इथे डोंगर नाही, खिंड नाही, कडा नाही. गनिमी काव्याला लागते त्यातले काहीच इथे नाही.

स्मारकाचे आवार नीटनेटके आहे. हिरवळ, झाडे आणि मधोमध लोखंडी कुंपणात उभा असलेला विटांचा स्तंभ. त्यावर १७६१ च्या लढाईची थोडक्यात माहिती आहे. भव्य पुतळे किंवा घुमट पाहण्याच्या अपेक्षेने आलेला माणूस क्षणभर गोंधळतो. मग कुणीतरी चपला काढतो, बाकीचेही काढतात, आणि मंडळी नकळत गप्प होतात.

इथे पूर्वी एक आंब्याचे झाड होते. रणातल्या रक्ताने माती भिजली आणि झाड काळे पडले, त्याची फांदी तोडली तर लाल रस गळे, अशी या भागातली आख्यायिका आहे. याच झाडाजवळ सदाशिवरावभाऊ लढले, असेही सांगतात. पुढे झाड वाळले. त्याचे लाकूड एका गृहस्थाने विकत घेतले आणि त्याचे कोरीव दरवाजे करवले. ते पानिपतच्या संग्रहालयात आहेत. झाड गेले, नाव मात्र राहिले. हिंदीत ते काला आम म्हणूनही ओळखले जाते, पण मराठी माणसाच्या तोंडी काला अंब हेच बसले आहे.

नव्वद किलोमीटर

पानिपतपासून दिल्ली अवघी नव्वद किलोमीटर. आज गाडीने दीड-दोन तासांचा रस्ता. १७६० च्या हिवाळ्यात हेच अंतर मराठ्यांना पार करता आले नाही.

मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब आणि सतरा वर्षांचे विश्वासराव मराठवाड्यातून उत्तरेला निघाले. बऱ्हाणपूर, सिरोंज, ग्वाल्हेर, मथुरा असा पल्ला मारत फौजेने ऑगस्टच्या आरंभी दिल्ली घेतली. ऑक्टोबरात दिल्लीच्या उत्तरेचे कुंजपुरा पडले आणि धान्याचा मोठा साठा हाती लागला. पण त्याच महिन्यात अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठ्यांच्या दक्षिणेला, म्हणजे दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला. नकाशा समोर ठेवला, की हा पेच एका नजरेत कळतो. मराठे उत्तरेला आणि त्यांचे घर, खजिना, धान्य सारे दक्षिणेला. मधली वाट शत्रूच्या हातात.

छावणीत केवळ लढवय्ये नव्हते. तीर्थयात्रेला म्हणून आलेली माणसे, बायका-मुले, व्यापारी, कारागीर असा प्रचंड लवाजमा होता आणि त्या साऱ्यांना रोज खायला लागत होते. गोविंदपंत बुंदेले अंतर्वेदीत अब्दालीची रसद तोडण्याच्या खटपटीत होते; डिसेंबरात ते मारले गेले. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी रात्री वाट चुकली आणि शत्रूच्याच छावणीत शिरली. जनावरे मरू लागली. थंडी वाढत गेली.

या लढाईचा एक साक्षीदार काशीराज पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. त्याच्या हकिगतीनुसार उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे म्हणत सरदार आणि शिपाई भाऊसाहेबांकडे गेले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीला, तोंडाला हळद फासून फौज बाहेर पडली. दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि पलटणींनी पारडे मराठ्यांकडे झुकवले होते. विश्वासराव गोळी लागून पडले आणि चित्र पालटले. संध्याकाळपर्यंत सारे संपले होते.

डावपेचात कोण चुकले, होळकर का निघून गेले, यात्रेकरूंना बरोबर का घेतले, यावर मराठी घरांत आजही तावातावाने बोलणे होते. काला अंबच्या हिरवळीवरही ते होतेच. पण लढाईच्या आधीचे अडीच महिने पाहिले, तर एक गोष्ट वादाच्या पलीकडची दिसते. घरापासून रणापर्यंतची वाट मध्येच तुटली होती.

तीच वाट, रुळांवरून

पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस भुसावळ, बऱ्हाणपूर, भोपाळ, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली आणि पुढे पानिपत अशी जाते. भाऊसाहेबांच्या फौजेची वाट बरीचशी हीच. फौजेला दिल्ली गाठायला चार-साडेचार महिने लागले. झेलम एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवसात तेवढे अंतर तोडते.

दिल्ली-अंबाला-कालका रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली आणि पानिपत लोहमार्गाने जोडले गेले. म्हणून मुंबईहून उत्तरेची वाट अखंड झाली असे मात्र नाही. कोळशाच्या इंजिनांच्या काळात तर नाहीच, आणि वीज आल्यावर एक नवीच तूट निर्माण झाली.

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली. ती १,५०० व्होल्टच्या एकदिश, म्हणजे डीसी विजेवर. त्या काळी तेच तंत्र उत्तम मानले जाई. १९३० पर्यंत बोरघाट आणि थळघाट चढून ही वीज पुणे आणि इगतपुरीपर्यंत पोचली. पुढे १९५७ मध्ये रेल्वेने फ्रेंच तज्ज्ञांच्या सल्ल्याने २५,००० व्होल्टची एसी वीज स्वीकारली. कारण साधे होते. दाब जास्त असला, की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो. तार बारीक चालते, वीज वाटेत कमी वाया जाते आणि उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात. साऱ्या देशाने ही नवी वीज घेतली. मुंबईच्या लोकल आणि घाट मात्र जुन्या विजेवरच राहिले.

त्यामुळे मध्य रेल्वेवर इगतपुरी आणि पश्चिम रेल्वेवर विरार अशा दोन जागी विजेची वेस तयार झाली. वेशीच्या अलीकडचे इंजिन पलीकडे निकामी. साठ-सत्तरच्या दशकांत नाशिककडे गेलेल्यांना इगतपुरीचा तो थांबा आठवत असेल. इंजिन सुटायचे, दुसरे लागायचे, आणि तोवर मंडळी फलाटावर वडा-चहा उरकून घ्यायची. प्रवाशाला ही गंमत वाटे. मालगाडीच्या दृष्टीने मात्र तो खोळंबाच होता.

दोन विजांचे इंजिन

यावर तोड निघाली ती दोन्ही विजांवर चालणाऱ्या इंजिनाची. चित्तरंजनच्या कारखान्यात १९७५ पासून अशी ५३ इंजिने तयार झाली. त्यांचे नाव डब्ल्यूसीएएम-१. नाव अवघड, पण फोड सोपी आहे. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी, ए म्हणजे एसी आणि एम म्हणजे मिश्र, अर्थात प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारे. पश्चिम रेल्वेवर ती धावू लागली. विरारच्या पुढे तारेचा एक तुकडा मुद्दाम बिनविजेचा ठेवलेला असे. ड्रायव्हर वीज तोडी, गाडी आपल्याच वेगाने तो तुकडा ओलांडी, आणि पलीकडे जाईपर्यंत इंजिन दुसऱ्या विजेसाठी सज्ज होई. डीसी तारेखाली वीज मोटारींकडे जाई; एसी तारेखाली आधी ट्रान्सफॉर्मर दाब उतरवी आणि मग तिची डीसी करून ती मोटारींना दिली जाई. डब्यात पत्ते खेळणाऱ्यांना यातले काही कळतही नसे.

पुढे भेलने पश्चिम रेल्वेसाठी २० आणि १९९७-९८ मध्ये मध्य रेल्वेसाठी ५३ अशी नव्या घडणीची इंजिने दिली. खास मालगाड्यांसाठी आणखी १२ आली. इगतपुरीची वेस हळूहळू पुसट होऊ लागली.

ही अडचण काही आपलीच नव्हती. जपानमध्ये तर ती तिहेरी होती. तिथे १८९० च्या दशकात टोकियोने जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. त्यातून पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० आवर्तनांची वीज आली, ती आजही तशीच आहे. त्यात रेल्वेच्या काही मार्गांवर १,५०० व्होल्ट डीसी आणि काही मार्गांवर २०,००० व्होल्ट एसी. जपान समुद्राच्या किनाऱ्याने जाणाऱ्या मार्गावर या तिन्ही विजा लागत. तिथल्या अभियंत्यांनी १९६८ मध्ये ईएफ-८१ हे इंजिन आणले. तिन्हींवर चालणारे, माल आणि प्रवासी दोन्ही ओढणारे. अशी १६४ इंजिने झाली. समुद्राखालच्या कानमोन बोगद्यातल्या खाऱ्या पाण्याने गंजू नयेत म्हणून त्यांतल्या चारांना स्टेनलेस स्टीलचे अंग दिले होते. ओसाकाहून उत्तरेला जाणारी ‘ट्वायलाइट एक्स्प्रेस’ २०१५ मध्ये बंद होईपर्यंत मुख्य बेटावर हेच इंजिन तिला ओढत असे. हिताची आणि मित्सुबिशी या तिच्या घडवणाऱ्या कंपन्यांची साधी, एका विजेची इंजिने भारतीय रेल्वेनेही साठच्या दशकात घेतली होती.

जपानने तीन विजा ठेवल्या आणि इंजिन शहाणे केले. मुंबईने शेवटी वीजच बदलली. पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर एप्रिल २०१६ मध्ये डीसीने निरोप घेतला. दोन विजांच्या इंजिनांचे खास कसब त्या दिवशी बिनकामाचे झाले. पहिल्या पिढीतली इंजिने आता निवृत्त आहेत. पण जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी एक तुटलेली वाट सांधून धरली, हे विसरून चालणार नाही.

वीस हजार बैलांचे ओझे

पानिपतावरून जाणाऱ्या धान्याच्या एका मालगाडीत सुमारे अडीच हजार टन माल मावतो. मराठ्यांच्या फौजांना धान्य पुरवीत ते बंजारे, आपल्या बैलांच्या तांड्यांवरून. एका बैलाच्या पाठीवर सव्वाशे किलो ओझे धरले, तर एवढ्या धान्याला वीस हजार बैल लागले असते. शिवाय त्यांना चारा, पाणी आणि वाटेत शत्रू नसणे. १७६० च्या डिसेंबरात यातले काहीच नव्हते.

हा हिशेब काला अंबला उभे राहून केला, की पानिपतचा पराभव थोडा वेगळा दिसू लागतो. शौर्य कमी पडले नाही. नव्वद किलोमीटरवरचे धान्य पोचले नाही.

दर वर्षी १४ जानेवारीला इथे लोक जमतात. महाराष्ट्रातून येतात, तसे कर्नाल, पानिपत, कुरुक्षेत्र या भागांतले रोड मराठा समाजाचे लोकही मोठ्या संख्येने येतात. रणातून वाचून इथेच लपून राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असे ते मानतात. इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही. पण हरियाणवी बोलणारे, पगडी बांधलेले आजोबा ‘हर हर महादेव’ म्हणत महाराष्ट्रातल्या पाहुण्याचा हात धरतात, तेव्हा पुरावा मागण्याचे कुणाच्या मनात येत नाही. तिळगुळाची पुडी तिथेच उघडते. मराठीत पराभवाला ‘पानिपत’ म्हणतात. या गावात आलेला माणूस ते नाव परतताना जरा जपून उच्चारतो.

जायचे असेल तर

पुण्याहून झेलम आणि वांद्रे टर्मिनसहून पश्चिम एक्स्प्रेस पानिपतला थांबते. दिल्लीपर्यंत येऊन पुढे गाडीने किंवा बसने जाणेही सोयीचे. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्यांना हटकून उशीर होतो, तेव्हा परतीचे तिकीट हाताशी वेळ ठेवून काढावे. थंडी कडक असते. मुलांना आणि वडीलधाऱ्यांना लोकरीचे कपडे पुरेसे घ्यावेत. स्टेशनाबाहेर काला अंबसाठी रिक्षा मिळते. परतीसह ठरवलेली बरी. एका दिवसात संग्रहालय, बाबराने १५२७ मध्ये बांधलेली काबुली बाग मशीद, इब्राहिम लोदीची कबर, बू अली शाह कलंदर यांचा दर्गा आणि मराठ्यांनी बांधले असे सांगतात ते देवीचे मंदिर पाहून होते. येताना पानिपतची चादर किंवा घोंगडी घ्यायला विसरू नये. ती इथे स्वस्त मिळते आणि टिकतेही.