गाळणे, उकळणे आणि पाणपोई

पाणी गाळण्याचे दुपदरी फडके आपल्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते कसे धुवावे, जिवाणी पुन्हा मूळ पाण्यात कशी सोडावी, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया मुलींना हाताला धरून शिकवीत. या आचाराचा हेतू जीवदया हा आहे. आरोग्याचा लाभ त्याच्या मागून येतो. तो लाभ किती व कोठपर्यंत, हा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा बांगलादेशातील एक संशोधन वाचनात आले. तेथील नद्यांच्या मुखाशी, खाऱ्या-गोड्या मिश्र पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मुळातच वास करतात. कोपेपॉड नावाच्या इवल्या जलजीवांच्या अंगाला ते चिकटून राहतात. समुद्राचे पाणी तापले, नद्यांनी पोषक द्रव्ये वाहून आणली, की सूक्ष्म जलवनस्पती फोफावतात. त्यांवर जगणारे कोपेपॉड वाढतात आणि त्यांच्यासोबत कॉलराही वाढतो. त्यामुळे तेथे साथीचा जोर वर्षातून दोनदा दिसतो, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. रिटा कॉलवेल या शास्त्रज्ञ बाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलब भागातील ६५ खेड्यांत एक प्रयोग केला. जुन्या सुती साडीच्या अनेक घड्या करून त्यातून पाणी गाळण्यास त्यांनी स्त्रियांना शिकवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. कापड जुनेच हवे, कारण वारंवार धुतल्याने धागे पिंजारतात व छिद्रे बारीक होतात. हे वाचून कोणाही जैन वाचकाला समाधान वाटेल.

परंतु आयुष्यभर ताळेबंद तपासलेल्या माणसाची नजर उरलेल्या ५२ टक्क्यांकडे जातेच. जलजीवाला चिकटलेला जंतू कापडात अडकतो, पाण्यात सुटा तरंगणारा जंतू पार होतो. काविळीचा विषाणू तर त्याहून कितीतरी सूक्ष्म. त्याला कोणतेही फडके अडवू शकत नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती अशाच दूषित पाण्यातून पसरणाऱ्या ‘हेपेटायटिस ई’ची होती.

नोकरीची बरीच वर्षे मी कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या शाखांत काढली. रजेचे अर्ज माझ्याकडे येत. पोटाच्या विकारांची रजा मे महिन्यात वाढे आणि जुलैत पुन्हा वाढे. त्यामागचे कारण पुढे उलगडले. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह आटतो, पण तिच्यात मिसळणारे सांडपाणी आटत नाही. नळाला पाणी तासाभरापुरते येते. उरलेला वेळ नळ रिकामा राहतो आणि फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. पावसाळ्यात हेच दुसऱ्या वाटेने घडते. पहिला पाऊस उघड्यावरची घाण विहिरी-ओढ्यांत लोटतो आणि गढूळ पाण्यात क्लोरीनचा प्रभाव लवकर संपतो. महापुरात तर गटार, विहीर आणि हौद एक होतात.

म्हणून गाळल्यानंतर उकळणे आवश्यक आहे. पाणी खळखळून उकळले की जंतू व विषाणू दोन्ही नष्ट होतात. उकळलेल्या पाण्याचा काळ आपल्या परंपरेने ऋतूनुसार ठरवला आहे: उन्हाळ्यात ५ प्रहर, हिवाळ्यात ४, तर पावसाळ्यात अवघे ३. ही मर्यादा जीवोत्पत्तीच्या विचारातून आली आहे. तरीही सर्वाधिक सावधगिरी पावसाळ्यातच हवी, ही जाणीव तीत आहे. उकळलेले पाणी झाकून ठेवावे व लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. हात बुडला की सारे श्रम वाया जातात.

आता मुख्य मुद्दा. घरात हे सर्व पाळणारे आपण दुकानात काय करतो? गोदामातील हमाल, दिवाणजी, बाजाराला आलेला शेतकरी पितो ते पाणी बहुधा थेट नळाचे किंवा टँकरचे असते. उन्हाळ्यात आपण मोठ्या श्रद्धेने पाणपोई घालतो. रांजणाला ओले फडके गुंडाळतो, वाळ्याची जुडी सोडतो, पाणी गार राहील हे पाहतो. ते निर्धोक आहे का, हे किती जण पाहतात? शेकडो लोकांसाठी रोज पाणी उकळणे शक्य नसेल, हे मान्य. परंतु क्लोरीन टाकून अर्धा तास थांबणे अवघड नाही. ओटी चाचणीचे थेंब टाकून पाणी पिवळसर होते का, हे पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. ग्रामपंचायतीचे पाणीपुरवठा कर्मचारी ही चाचणी नेहमी करतात, त्यांच्याकडून ती शिकून घेता येईल. रांजण रोज रिकामा करून घासावा, तोटी बसवावी, पेला आत बुडू देऊ नये.

तहानलेल्याला पाणी देणे हे मोठे दान आहे. ज्या पाण्यावर आपल्या नातवंडांना निःशंकपणे वाढवू, तेच पाणी पाणपोईत असावे. यंदा रांजण मांडण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एवढी खात्री करून घ्यावी, ही विनंती.