खुनी ओळखल्यानंतर

एक रहस्यकथा वाचली. निम्म्या पुस्तकातच खुनी ओळखू येतो. गावातले डॉक्टर. दर दोन प्रकरणांआड ते येतात, सगळ्यांची विचारपूस करतात आणि इन्स्पेक्टर त्यांना मात्र एकही प्रश्न विचारत नाही. बाकीच्यांना लेखकाने कर्जं दिली, भाऊबंदकी दिली, जुनी वैरं दिली. डॉक्टरांच्या वाट्याला नुसता चांगुलपणा. इतका कोरा माणूस रहस्यकथेत उगाच येत नाही.

धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये या लेखनासाठी दहा नियम सांगितले. पहिला असा की, गुन्हेगार कथेत लवकर भेटायला हवा, पण वाचकाला त्याच्या मनात शिरू द्यायचं नाही. खरी गोम इथेच आहे. एकाचं मन बंद ठेवून इतरांची उघडायची, म्हणजे पात्रं कमीजास्त होणारच. कसलेली लेखणी ते जाणवू देत नाही. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची १९२६ची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ तर खुनी माहीत असतानाही पुन्हा वाचावीशी वाटते; तिने काय, कुठे लपवलं हे पाहण्यात वेगळाच आनंद असतो. कच्चा लेखक दाराला एवढं मोठं कुलूप लावतो की नजर नेमकी तिथेच जाते.

तरी हे पुस्तक खाली ठेववत नाही, ते खून झालेल्या मुलाच्या बापामुळे. इन्स्पेक्टर विचारतो, “किती वाजता बाहेर पडला?” म्हातारा म्हणतो, “जेवून गेला होता.” पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. तपासाला त्याचा काडीचा उपयोग नाही. पण पोरगं उपाशी गेलं नाही, एवढाच आधार त्या बापाला उरलाय. दोन ओळींत अख्खा माणूस उभा राहतो.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा नायक झुंजार संकटातून सुटणार, हे वाचकाला आधीच ठाऊक असायचं. तरी त्याची पुस्तकं हातोहात फिरली, कारण ओढ झुंजारची होती.

म्हणून शेवट आधी कळला याचं मला दुःख नाही. ज्याला तो म्हातारा लिहिता आला, त्याने डॉक्टरांनाही एखादी काळजी, एखादा हट्ट, एखादं जवळचं माणूस द्यायला हवं होतं. मग खुनी ओळखूनही मी शेवटच्या पानापर्यंत धास्तावून वाचलं असतं आणि मनोमन म्हटलं असतं, माझा अंदाज चुकू दे, हे या माणसाने केलेलं नसू दे.